नोंदवहीतील तारीख

धर्मगुरूच्या कचेरीत येणारी माणसे नाना प्रकारची मागणी घेऊन येतात. कुणाला स्नानसंस्काराचा दाखला हवा असतो, कुणाला शाळाप्रवेशासाठी शिफारसपत्र, तर कुणाला भावाभावांच्या वाटणीत मध्यस्थ. पंचवीसहून अधिक वर्षांच्या सेवेत या साऱ्याची सवय होऊन गेली आहे. परंतु २०२१ सालच्या जानेवारीअखेर एका मातेने माझ्याकडे जे मागितले, ते मी अद्याप विसरू शकलेलो नाही. तिने मागितली होती एक तारीख.

या कुटुंबाची हकिगत थोडक्यात सांगणे भाग आहे. माता मूळची गोव्यातील बारदेशची, १९५९ साली जन्मलेली. लग्न होऊन वसईत आली. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण व दीव येथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलांना पोर्तुगालचे नागरिकत्व मिळवण्याची वाट त्या देशाच्या कायद्याने खुली ठेवली आहे. आपल्या वसईकरांना ती नाही. वसईवरील पोर्तुगीज अंमल १७३९ सालीच संपला. म्हणजे एकाच घरात आईच्या जन्मगावामुळे जी वाट मिळाली, ती वडिलांच्या गावामुळे मिळाली नसती. आईची जन्मनोंद लिस्बनला झाली, तिच्या आधारे धाकट्या मुलाला पोर्तुगीज पारपत्र मिळाले आणि २०१८ साली तो इंग्लंडमध्ये लेस्टरला एका गोदामात कामाला लागला.

मुलगी आमच्याच धर्मग्रामातली. विवाह २७ डिसेंबर २०२० रोजी ठरला होता. त्या वर्षी तो रविवार होता आणि पवित्र कुटुंबाचा सणही. चर्चमध्ये लग्नाच्या घोषणा झाल्या, मंडप सांगून झाला. मुलाचे तिकीट होते २३ डिसेंबरचे. करोनाचा नवा विषाणू इंग्लंडमध्ये आढळला म्हणून भारत सरकारने नेमक्या त्याच दिवसापासून तिकडची विमाने बंद केली. ती पुन्हा सुरू झाली ८ जानेवारीला. मुलगा आला, मुंबईत हॉटेलात विलगीकरणाचे दिवस काढले आणि २३ जानेवारी २०२१ रोजी मोजक्या पंचवीस माणसांच्या उपस्थितीत त्यांचा विवाह मी लावला.

आता या दोन तारखांच्या मध्ये काय दडले होते पाहा. पोर्तुगाल १९८६ पासून युरोपीय समुदायाचा सभासद आहे. युरोपीय कायद्यानुसार एका सभासद देशाचा नागरिक दुसऱ्या सभासद देशात कामाला गेला, तर त्याची पत्नी कोणत्याही देशाची असो, तिला त्याच्यासोबत राहण्याचा हक्क असे. पगाराची अट नाही, प्रवेशपरवान्याचे शुल्क नाही. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी युरोपीय संघातून बाहेर पडले, तरी ही सवलत संक्रमणकाळापुरती ३१ डिसेंबर २०२० पर्यंत टिकली. त्या दिवसापर्यंत ज्यांचे नाते जुळलेले होते, त्यांच्या पत्नींना पुढेही त्याच वाटेने जाता येणार होते. ज्यांचा विवाह त्यानंतर झाला, त्यांना सर्वसाधारण ब्रिटिश वाट धरायची होती. तिच्यात २०१२ पासून पतीच्या वार्षिक कमाईची किमान मर्यादा १८,६०० पौंड होती, शिवाय भारतीय पत्नीला इंग्रजीची परीक्षा आणि दोघांवर भरमसाट शुल्क. गोदामात किमान वेतनावर आठवड्याला साडेसदतीस तास राबणाऱ्याची वर्षाची कमाई तेव्हा साडेसतरा हजार पौंडही होत नसे.

म्हणून लग्नानंतर आठ दिवसांनी ती माता आपल्या दिरासह माझ्याकडे आली. खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाली, “फादर, नोंदवही तुमच्याच हाती आहे. लग्न सत्तावीस तारखेचंच ठरलं होतं. विमान सरकारने बंद केलं, आम्ही नाही. तेवीस दिवसांचाच तर प्रश्न. देवाने एकत्र आणलेल्यांना कुणी वेगळं करू नये, असं तुम्हीच लग्नात सांगता ना?”

मी नाही म्हणालो. ती उठली, पदर सावरला आणि एक शब्दही न बोलता निघून गेली. पुढे बरेच महिने मिस्सा संपल्यावर ती माझ्याकडे न पाहताच घरी जात असे.

वाचकहो, तुम्ही माझ्या जागी असता तर काय केले असते? हा प्रश्न मी कित्येकांना विचारला आणि उत्तरे ऐकून थक्क झालो. सज्जन, नियमाने पापनिवेदन करणारी माणसे मला सांगत होती, “फादर, कुणाचं नुकसान होत नव्हतं. लिहायचं होतं.” म्हणून या प्रश्नाचा नीट विचार व्हायला हवा.

प्रथम एक गैरसमज दूर करू. काहींच्या मते चूक आधीच झाली होती, आणि ती होती पोर्तुगीज पारपत्र घेण्यात. ज्याने लिस्बन पाहिले नाही, ज्याला पोर्तुगीज भाषेचे चार शब्द येत नाहीत, त्याने स्वतःला पोर्तुगीज म्हणवून घ्यावे आणि बायकोला नेण्यासाठी त्याचा उपयोग करावा, ही लबाडी नव्हे काय? मला तसे वाटत नाही. संत पौलाचे उदाहरण आपल्यापुढे आहे. तो यहुदी कुळातला, तार्सस नगराचा आणि जन्माने रोमन नागरिक. जेरुसलेममध्ये त्याला फटके मारण्याची तयारी झाली, तेव्हा त्याने आपले रोमन नागरिकत्व पुढे केले. पुढे कैसराकडे दादही त्याच आधारे मागितली. यामुळे तो कमी यहुदी झाला नाही आणि ख्रिस्ताचा प्रेषितही कमी झाला नाही. त्याने जे सांगितले ते खरे होते, एवढेच पुरेसे होते. कायद्याने दोन दारे ठेवली असतील, तर सोप्या दाराने जाण्यात पाप नाही. मात्र त्या दारावर जे विचारतील, त्याचे उत्तर खरे असले पाहिजे.

कायद्याच्या इतिहासातही याची साक्ष मिळते. सुरिंदर सिंग हे भारतीय नागरिक. त्यांनी १९८२ साली ब्रिटिश स्त्रीशी विवाह केला. दोघांनी जर्मनीत दोन वर्षे नोकरी केली आणि १९८५ च्या अखेरीस ती ब्रिटनला परतली. त्यांचा खटला युरोपीय न्यायालयात गेला. १९९२ साली न्यायालयाने निर्णय दिला की दुसऱ्या सभासद देशात खरोखर काम करून मायदेशी परतणाऱ्या नागरिकाच्या जोडीदाराला युरोपीय कायद्याचेच संरक्षण मिळाले पाहिजे. पुढे पगाराची अट पुरी न करू शकणारी अनेक ब्रिटिश जोडपी याच वाटेने आयर्लंडला वा अन्यत्र जाऊन राहिली व परतली. उलट २०११ साली त्याच न्यायालयापुढे दुसरे प्रकरण आले. इंग्लंडमध्ये जन्मून तिथेच राहिलेल्या एका स्त्रीने जमैकाच्या नागरिकाशी विवाह केल्यानंतर आईच्या वंशावरून आयरिश पारपत्र काढले व त्यावर पतीसाठी हक्क मागितला. न्यायालयाने तो नाकारला, कारण ती कधी दुसऱ्या सभासद देशात गेली नव्हती, राहिली नव्हती. म्हणजे न्यायालयानेही पारपत्राचा रंग पाहिला नाही, जगलेले आयुष्य पाहिले. आमचा मुलगा लेस्टरला खरोखर राबत होता. त्याची वाट ही पळवाट नव्हती.

दुसरा मुद्दा दोन देशांच्या निष्ठेचा. आपल्या राज्यघटनेच्या नवव्या कलमानुसार आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार, स्वेच्छेने परदेशाचे नागरिकत्व घेणारा भारताचा नागरिक राहत नाही. दुहेरी नागरिकत्व आपल्याकडे नाही. २००६ पासून ‘ओसीआय’ कार्ड मिळते खरे, परंतु त्याला मतदानाचा हक्क नाही, सरकारी पद नाही आणि शेतजमीन विकत घेण्याची मुभाही नाही. त्या मुलाने भारतीय पारपत्र परत केले आणि हे कार्ड घेतले. लग्नाच्या कागदांवर ‘राष्ट्रीयत्व’ या शब्दापुढे ‘पोर्तुगीज’ लिहिताना त्याचा हात अडखळला होता. “फादर, ज्या चर्चमध्ये माझा स्नानसंस्कार झाला, तिथेच मी परदेशी नवरा झालो,” असे म्हणून तो हसला, पण ते हसू काही खरे नव्हते. तिकडे इंग्लंडात गेली म्हणजे ती परदेशी बायको होणार होती. एकाच गल्लीत वाढलेली ही दोघे, आणि ती कुठेही गेली तरी त्यांच्यापैकी एकजण परकाच ठरणार होता.

देश बदलणाऱ्यांवर दगड उचलण्याची माझी तयारी नाही. पोटासाठी, कुटुंबासाठी माणसे मुंबईला गेली, आखाताला गेली, तशीच ती लेस्टरला जातात. पण त्याग करायचा नाही आणि लाभ मात्र दोन्हीकडचे घ्यायचे, एक पारपत्र विमानतळावर दाखवायचे आणि दुसरे कपाटात दडवून निवडणुकीच्या दिवशी बोटाला शाई लावून घ्यायची, हे वेगळे आहे. तिथे माणूस रोज थोडे खोटे जगू लागतो. आमच्या मुलाने पहिल्या दिवसापासून किंमत मोजली होती. याच कारणाने मला त्याच्या बाबतीत तारखेचे खोटे अधिक जड वाटले. स्वच्छ हातांनी आलेल्या माणसाच्या हातात मीच मळलेला कागद देणार होतो.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. कुणाचेही नुकसान न करणारे आणि एका कुटुंबाला एकत्र आणणारे असत्य पाप आहे काय?

सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला आम्हांला संत थॉमस अॅक्विनास शिकवला. त्याने असत्याचे तीन प्रकार केले : विनोदाचे, उपकाराचे आणि दुष्टाव्याचे. उपकारासाठी बोललेले असत्य तो दुष्टाव्याच्या असत्याइतके गंभीर मानत नाही, पण पाप म्हणायला कचरतही नाही. पुढील शतकांत काही पंडितांनी दुसरी युक्ती काढली. बोलावे एक आणि मनातल्या मनात असे काही शब्द जोडावेत की वाक्य आपल्यापुरते खरे ठरावे. परमगुरू अकरावे इनोसंट यांनी १६७९ साली या युक्तीचा धिक्कार केला. आपल्याकडे तर शाळकरी मुलालाही ‘नरो वा कुंजरो वा’ ठाऊक असते आणि त्यानंतर धर्मराजाचा रथ जमिनीला टेकला हेही. ‘विवाह २७ डिसेंबरचा ठरलेला’ हे मनात म्हणत ‘विवाह २७ डिसेंबरला झाला’ असे लिहिणे, हे त्याच जातीचे ठरले असते.

शिवाय नोंदवही ही माझी खासगी वही नव्हे. ख्रिस्तसभेच्या कायदेसंहितेतील ११२१ वे कलम विवाहाचे स्थळ व दिवस विनाविलंब नोंदवण्यास सांगते आणि १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार आपल्या लग्नांच्या नोंदी शासनदरबारीही जातात. या वहीत आपल्या आजोबा-पणजोबांचे विवाह आहेत. गोव्यातील स्नानसंस्कारांच्या अशाच जुन्या वह्यांवरून कित्येकांनी आपला जन्म सिद्ध केला. ती वही खरी बोलते असे जग मानते, म्हणूनच तिच्यातील उताऱ्याला किंमत आहे. एका जोडप्यासाठी एक ओळ खोटी लिहिली की उरलेल्या सर्व ओळी संशयाच्या छायेत येतात. म्हणजे ‘कुणाचेच नुकसान नाही’ हे म्हणणे खरे नव्हते. नुकसान झाले असते ते पुढे दाखल्यासाठी येणाऱ्या, आज नावही ठाऊक नसलेल्या माणसाचे.

याच वर्षांत उत्तर आयर्लंडमधील एका स्त्रीचा खटला गाजला होता. एमा डिसोजा हे तिचे नाव. आडनाव ऐकून ती आपल्यातलीच वाटावी. तिने २०१५ साली एका अमेरिकन तरुणाशी विवाह केला आणि आपण आयरिश आहोत या आधारे युरोपीय कायद्याखाली त्याच्यासाठी अर्ज केला. सरकारने कळवले की उत्तर आयर्लंडमध्ये जन्मल्यामुळे तुम्ही ब्रिटिशही आहात. तेव्हा ब्रिटिश म्हणून अर्ज करा, नाहीतर ब्रिटिश नागरिकत्वाचा रीतसर त्याग करा. एक सही केली असती की प्रश्न सुटत होता. परंतु १० एप्रिल १९९८ च्या शुभ शुक्रवारी झालेल्या करारात तिथल्या लोकांना स्वतःला आयरिश, ब्रिटिश किंवा दोन्ही मानण्याचा हक्क दिलेला आहे. आपण स्वतःला जे कधी मानलेच नाही, त्याचा त्याग कसा करायचा, असे तिचे म्हणणे होते. २०१९ साली वरिष्ठ न्यायाधिकरणात ती हरली. पुढे मे २०२० मध्ये सरकारने नियमच बदलला आणि उत्तर आयर्लंडच्या लोकांच्या जोडीदारांना युरोपीय नागरिकांच्या कुटुंबीयांसाठीची योजना खुली झाली. जवळजवळ पाच वर्षे दोघांनी अनिश्चिततेत काढली, पण मनाला न पटणारी सही केली नाही. तिच्या राजकीय मताशी आपल्याला कर्तव्य नाही. कागदावरील शब्दाला एवढी किंमत देणारी माणसे आहेत, एवढेच लक्षात घ्यायचे.

इथवर सारे ठीक. पण आता मला माझी चूक सांगितली पाहिजे.

‘नाही’ म्हटल्यावर माझे कर्तव्य संपले, असे मी मानले. सत्याच्या बाजूने उभा राहिलो या समाधानात काही आठवडे काढले. संत ऑगस्टीनने असत्याविषयी लिहिलेल्या ग्रंथात थगास्ते नगराच्या फर्मस या बिशपांची गोष्ट दिली आहे. त्यांच्या आश्रयाला आलेल्या माणसाचा शोध घेत राजाचे शिपाई आले. बिशप म्हणाले, मी खोटे बोलणार नाही आणि त्याला दाखवूनही देणार नाही. त्यांनी छळ सोसला. अखेर बादशहाने त्या माणसाला क्षमा केली. सेमिनरीत वाचलेली ही गोष्ट मला आठवली, तेव्हा मी मनातून शरमलो. त्या बिशपांनी सत्याची किंमत स्वतःच्या अंगावर घेतली होती. माझ्या सत्याची किंमत मोजत होते दुसरेच.

म्हणून मी त्या घरी गेलो. मातेने चहा ठेवला, पण समोर बसली नाही. मी सुनेला म्हणालो, “खोटं लिहिणार नाही, पण जे खरं आहे ते सगळं लिहून देतो.” लग्नाच्या घोषणा कोणत्या रविवारी झाल्या, तारीख कोणती ठरली होती, विमाने कधी बंद झाली, हे सारे मी चर्चच्या शिक्क्यानिशी लिहून दिले. अर्ज केला, तो नामंजूर झाला. करोनामुळे विवाह लांबलेल्या अशाच एका तुर्की तरुणाचा व त्याच्या रुमानियन पत्नीचा खटला पुढे इंग्लंडच्या अपील न्यायालयात गेला आणि २०२३ साली त्यालाही नकारच मिळाला. सत्य सांगितले की जय मिळतोच, असे मी तुम्हांला सांगू शकत नाही.

ऑक्टोबर २०२१ मध्ये तिला मुलगा झाला. स्नानसंस्काराच्या वेळी बाप मोबाइलच्या पडद्यावर होता; धर्मपित्याने तो फोन बाप्तिस्माकुंडाशेजारी धरला होता. नियमांची गंमत अशी की त्या बाळाला बापाकडे नेण्याची सुलभ वाट कायद्यात होती, कारण कटऑफनंतर जन्मलेल्या मुलांना त्या योजनेत जागा होती. आईला मात्र नव्हती. परमपीठाने १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या कुटुंबाच्या हक्कांच्या सनदेत, स्थलांतरितांचे कुटुंब शक्य तितक्या लवकर एकत्र येण्याचा हक्क सांगितला आहे. तो वाचताना मला त्या फोनची आठवण येते. कायदे करणाऱ्यांनाही एक प्रश्न विचारला पाहिजे. जो नियम तान्ह्या बाळाला आत घेतो आणि आईला दाराबाहेर ठेवतो, त्याचा मान राखावा कसा? कायद्याला खरे उत्तर देणे आपले कर्तव्य आहे. प्रत्येक कायदा न्याय्य आहे असे म्हणणे आपले कर्तव्य नाही.

मुलाने रात्रपाळ्या धरल्या, जादा तास काम केले, सहा महिन्यांच्या पगारपावत्या जमवल्या. मुलीने इंग्रजीची परीक्षा दिली. धर्मग्रामातील काही कुटुंबांनी शुल्कासाठी गुपचूप हातभार लावला. त्यांत मीही माझा वाटा उचलला, आणि तो आणखी आधी उचलायला हवा होता. सप्टेंबर २०२२ मध्ये ती बाळाला घेऊन गेली. विवाहानंतर जवळजवळ वीस महिने झाले होते. एप्रिल २०२४ मध्ये नव्या अर्जदारांसाठी कमाईची ती अट २९,००० पौंडांवर नेण्यात आली. गोदामातल्या त्या पगारावर आज कुणी अर्ज केला तर कितीही रात्रपाळ्या अपुऱ्या पडतील.

म्हणून परदेशी जोडीदाराचा किंवा दुसऱ्या देशाच्या पारपत्राचा प्रश्न घेऊन तरुण जोडपी येतात, तेव्हा मी हल्ली त्यांना तीन गोष्टी विचारतो. तुम्ही निवडलेल्या वाटेवर कुठे असे काही लिहावे लागणार आहे का, जे पुढे तुमच्या मुलांसमोर वाचता येणार नाही? या वाटेची खरी किंमत तुम्हां दोघांपैकी कोण मोजणार, आणि ते त्याला विचारले आहे का? आणि वाट लांबली तर तुमच्यासोबत चालणारे कुणी आहे का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांना देता येत नाही. ते द्यायचे आहे आपण, म्हणजे धर्मग्रामाने.

गेल्या नाताळात ती तिघे आली होती. मिस्सा संपल्यावर माता नातवाला घेऊन कचेरीत आली. त्याला पेढा दिला. जाताना ती म्हणाली, “फादर, त्याच्या आईबापाच्या लग्नाचा एक उतारा द्या. शाळेसाठी लागेल म्हणतात.” मी वही काढली, तेवीस जानेवारीची ओळ शोधली आणि उतारा लिहू लागलो. ती वाकून पाहत होती. तारखेवर माझे पेन आले तेव्हा ती काहीच बोलली नाही. मी शिक्का मारला. तिने तो कागद घडी न घालता नीट पिशवीत ठेवला.